हार्डवेअरच्या नोंदी साध्या टेक्स्टमध्येच का ठेवायच्या?



२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेनऊला सिन्नरहून मामांचा फोन आला. "भाचेबुवा, तुमचं मशिन गेलं. उंदरांनी सगळ्या वायरी कुरतडल्यात. गव्हाला पाणी द्यायचंय आणि या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. कधी येताय?"

ते 'मशिन' म्हणजे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला बनवलेला मोबाइल स्टार्टर. त्यात एक आर्डुइनो उनो बोर्ड, एक सिम८००एल जीएसएम मॉड्यूल आणि दोन रिले. मामांनी घरून कॉल केला की विहिरीवरची मोटर सुरू होते आणि मेसेज परत येतो. शेतीची थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. त्यामुळे या डब्यामुळे मामांची थंडीतली, अंधारातली, सापाविंचवातली फेरी वाचत होती. सहा वर्षं डबा नीट चालला होता.

शनिवारी गावी पोहोचलो. डबा उघडला तर बोर्ड ठीक, मॉड्यूल ठीक, रिले ठीक, फक्त वायरींचे तुकडे झालेले. तासाभराचं काम. पण कोणती वायर कुठे होती तेच मला आठवेना! मग सुरू झाली शोधाशोध. चार ठिकाणी शोधलं आणि त्या चार ठिकाणांनी मला जे शिकवलं तेच आजच्या लेखात सांगतोय.

चार ठिकाणी शोधलं, कामाला एकच आलं

पहिलं ठिकाण, ब्लॅकबुकची वर्ड फाइल. मेलमध्ये सापडली. पण सर्किटचं चित्र मी एका ऑनलाइन साइटवर काढून त्याचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये टाकला होता. ती साइट आता बंद झालीय. राहिलाय तो एक छोटा, धूसर स्क्रीनशॉट. त्यात पिनचा आकडा ३ आहे की ८ ते कळत नव्हतं. वर आणखी एक गंमत म्हणजे ब्लॅकबुकमधली जोडणी ही पहिली जोडणी होती. विहिरीवर बसवताना मी दोन वायरी बदलल्या होत्या आणि ते कुठेच लिहिलं नव्हतं.

दुसरं ठिकाण, मामांच्या व्हॉट्सॲपवर तेव्हा पाठवलेला डब्याचा फोटो. व्हॉट्सॲपने तो दाबून लहान केलेला. लाल वायर दिसत होती, पण ती कोणत्या पिनला जाते ते नाही.

तिसरं, जीएसएम मॉड्यूलची पीडीएफ डेटाशीट. विहिरीवर नेटची एकच काडी. फाइल उतरली तेव्हा चहा दोनदा झाला होता. आणि डेटाशीट मॉड्यूलची असते, माझ्या डब्याची नाही. मी काय कुठे जोडलं हे तिला कसं माहीत असणार?

चौथं, आर्डुइनोच्या कोडची फाइल. तिच्या सुरुवातीला, कमेंटमध्ये, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेल्या सात ओळी होत्या. पिन २ आणि ३ जीएसएमला. ७ चालूचा रिले. ८ बंदचा रिले. आणि शेवटची ओळ अशी होती: जीएसएमला डायरेक्ट ५ व्होल्ट देऊ नको, ४ च दे.

या शेवटच्या ओळीने मॉड्यूल वाचवलं. सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि माझा हात सरळ ५ व्होल्टच्या पिनकडे चालला होता.

कॉलेजमध्ये मार्क मिळाले ते ब्लॅकबुकला. पण सहा वर्षांनी कामाला आल्या त्या सात ओळी. त्या साध्या टेक्स्टमध्ये होत्या, कोडच्याच फाइलमध्ये होत्या, आणि जोडणी बदलली तेव्हा कोडबरोबर त्याही बदलल्या गेल्या होत्या.

साधं टेक्स्ट म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाचं असं कोष्टक आलं. ते सात बिटचं आहे, म्हणजे त्यात फक्त १२८ जागा. इंग्रजी कॅपिटल ए म्हणजे ६५ हे त्यातूनच आलं. देवनागरीला तिथे जागाच नव्हती.

पुढे युनिकोड आलं आणि जगातल्या लिप्यांना आपापले आकडे मिळाले. आपल्या 'क' चा आकडा हेक्समध्ये ०९१५ आहे. हे आकडे फाइलमध्ये कसे लिहायचे त्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. तिचं वैशिष्ट्य असं की जुनी आस्की फाइल ही आपोआपच बरोबर यूटीएफ-८ फाइल असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एवढंच असतं. एकामागून एक अक्षरांचे आकडे आणि ओळ संपल्याच्या खुणा. फॉन्ट, रंग, पानाचा आकार, चित्र काही नाही. म्हणूनच ती कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते.

मग वर्ड फाइल काय असते? आजकालची डॉक्सएक्स फाइल ही खरं तर झिप फाइल आहे. तिच्या नावातलं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडून बघा. आत एक्सएमएल फाइलींचा संसार दिसेल. तुमचा मजकूर त्यात कुठेतरी असतो, पण वाचायला वर्ड किंवा तसंच दुसरं ॲप लागतं.

पीडीएफचा प्रकार वेगळा आहे. ॲडोबीने ती १९९३ मध्ये आणली. उद्देश असा की छापलेलं पान सगळीकडे सारखंच दिसावं. त्यामुळे तिच्यात साधारणपणे 'हे अक्षर कागदावर या जागी काढ' अशा सूचना असतात. डोळ्याला जे कोष्टक दिसतं ते बहुतेक फाइलींच्या दृष्टीने कोष्टक नसतंच, नुसती इथे तिथे ठेवलेली अक्षरं आणि रेघा असतात. डेटाशीटमधलं पिनचं कोष्टक कॉपी करून बघा. आधी सगळी नावं येतात, मग सगळे आकडे, आणि कोण कोणाचं ते तुम्ही शोधत बसता.

कॉपी-पेस्टमधला हजारपट घोटाळा

हा मुद्दा इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. जुन्या डेटाशीटमध्ये ओहमचं ग्रीक चिन्ह आणि मायक्रोचं ग्रीक चिन्ह बऱ्याचदा 'सिम्बॉल' नावाच्या फॉन्टने काढलेलं असतं. त्या फॉन्टमध्ये ओहमचं चिन्ह इंग्रजी कॅपिटल डब्ल्यूच्या जागी आहे आणि मायक्रोचं चिन्ह स्मॉल एमच्या जागी. त्यामुळे असा मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की फॉन्ट जातो आणि खालचं अक्षर उरतं.

म्हणजे काय होतं? १० किलो-ओहमचा रेझिस्टर '१० किलोवॅट' होतो. हे हास्यास्पद असल्यामुळे निदान लक्षात तरी येतं. पण १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर '१०० मिलिफॅरड' होतो, म्हणजे हजारपट. आणि हे चटकन खटकत नाही.

मराठी वाचकाला हा आजार नवीन नाही. डीटीपीवाल्याकडून आलेली लग्नपत्रिकेची फाइल आपल्या फोनवर उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसतो, तो हाच प्रकार. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत असतात इंग्रजी अक्षरांचे आकडे, देवनागरी फक्त फॉन्ट काढतो. फॉन्ट नसला की मराठी गायब. लक्षात ठेवा, अर्थ जर फॉन्टमध्ये असेल तर तो एक दिवस हरवणार. अर्थ अक्षरातच पाहिजे.

जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी यावर एक छान युक्ती काढलीय. सर्किटमध्ये ४.७ किलो-ओहमच्या ऐवजी '४के७' लिहितात आणि २.२ ओहमच्या ऐवजी '२आर२'. कारण? झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये दशांश चिन्हाचा ठिपका उडून जातो आणि ४.७ चे ४७ होतात. अक्षर मात्र उडत नाही. शिवाय ओहमचं चिन्ह लिहायचीही गरज राहत नाही. खराब कागदावरही टिकेल असं लिहायचं, हा विचार त्यामागे आहे.

हार्डवेअरसाठीच हे जास्त महत्त्वाचं का?

ॲपची माहिती चुकली तर अपडेट येतो. हार्डवेअरचं तसं नाही.

एक तर हार्डवेअर जास्त जगतं. मामांचा स्टार्टर सहा वर्षं चालला, विहिरीवरची मोटर त्याहून जुनी आहे. तेवढ्या काळात माझे तीन फोन झाले, लॅपटॉप बदलला, चित्र काढायची साइट बंद पडली.

दुसरं, हार्डवेअर नको त्या जागी असतं. विहिरीवर, गच्चीवर टाकीपाशी, मीटरच्या पेटीत. तिथे हातात फोन असतो, नेट नसतं, आणि एका हातात टेस्टर असतो. पीडीएफचं ए-४ पान बोटांनी मोठं करून डावीकडे उजवीकडे सरकवत बसायला वेळ नसतो. साध्या टेक्स्टच्या ओळी स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपोआप मोडतात.

तिसरं, इथे चुकीला पैसे पडतात. कधी कधी जीवही जातो. कोड चुकला तर एरर येतो, वायर चुकली तर धूर येतो.

मोठी माणसं हे कसं करतात?

मला वाटायचं साधं टेक्स्ट म्हणजे आळशी माणसाची पद्धत. नोकरीला लागल्यावर लिनक्स कर्नलचा सोर्स वाचायची वेळ आली आणि मत बदललं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स आहे, तोच हा.

कर्नलच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन नावाचं मोठं फोल्डर आहे. त्यात एचडब्ल्यूमॉन नावाच्या फोल्डरमध्ये तापमान, व्होल्टेज, पंख्याचा वेग मोजणाऱ्या चिपांच्या नोंदी आहेत. जवळपास प्रत्येक ड्रायव्हरची एक फाइल. सगळ्यांचा साचा एकसारखा: हा ड्रायव्हर कोणत्या चिपांसाठी आहे, चिप कोणत्या पत्त्यांवर सापडते, डेटाशीट कुठे मिळते, आणि मग साध्या भाषेत वर्णन.

उदाहरण म्हणून एलएम७५ बघा. तापमान मोजणारी ही चिप छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्याही ओळखीची आहे. तिच्या तीन पिनांनी पत्ता ठरतो, म्हणून आठ पत्ते शक्य आहेत, हेक्स ४८ ते ४एफ. फाइलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं आहे. मी ती फाइल वाचली तेव्हा डेटाशीटच्या ओळीत 'नॅशनल सेमिकंडक्टर' या कंपनीच्या साइटचा पत्ता होता. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. म्हणजे लिंक जुनी झाली, पण पत्त्यांची ओळ अजून खरी आहे आणि तशीच वाचता येते. त्याच फाइलमध्ये नंतर दुसऱ्या कंपन्यांच्या, एलएम७५ सारख्याच वागणाऱ्या चिपाही जोडल्या गेल्यात.

यातून मी एक सवय उचलली. लिंक द्या, पण लिंकवर अवलंबून राहू नका. ज्या चार आकड्यांशिवाय काम अडेल ते आकडे स्वतःच्या फाइलमध्ये लिहा.

आता एक प्रश्न येतो. साधं टेक्स्ट वाचायला ठीक आहे, पण वेबवर सुंदर पानं हवी असतील तर? कर्नलवाल्यांनाही तो प्रश्न पडला होता. २०१६ मध्ये त्यांनी स्फिंक्स नावाचं साधन आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही लिहिण्याची पद्धत घेतली. तिच्यातून वेबपानं आणि पीडीएफ तयार होतात, पण मूळ फाइल टेक्स्टच राहते. त्यांच्या नियमांत स्पष्ट सांगितलंय की सजावटीच्या खुणांचा अतिरेक करू नका, मजकूर बहुतांशी साधाच ठेवा. कोष्टकाच्या बाबतीतही मूळ फाइलमध्ये उघड्या डोळ्यांनी कोष्टक म्हणूनच दिसेल असा प्रकार पसंत करतात. २०१९ मध्ये एचडब्ल्यूमॉनच्या फाइली या पद्धतीत आणल्या तेव्हा खुणा बदलल्या, मजकुराचा साचा मात्र तोच राहिला.

इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात त्या आरएफसींचंही तसंच. पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ ची. १९८१ ची आरएफसी ७९१ उघडा. आयपी पॅकेटच्या सुरुवातीला कोणता बिट कुठे असतो याचं चित्र त्यात आहे, तेही फक्त अधिक, उणे आणि उभ्या रेघेच्या चिन्हांनी काढलेलं. तुमच्या फोनवर ते आजही जसंच्या तसं दिसतं. आता आरएफसींची मूळ प्रत एक्सएमएलमध्ये असते, पण टेक्स्ट प्रत अजूनही सोबत निघते.

तुमची फाइल कशी लिहायची?

मामांच्या डब्यासाठी त्या शनिवारी संध्याकाळी मी जी फाइल लिहिली ती अशी:

नाव: विहिरीवरची मोटर, मोबाइल स्टार्टर
आवृत्ती: ३
शेवटचा बदल: २०२४-०१-१३
बोर्ड: आर्डुइनो उनो
कोडची फाइल: याच फोल्डरमध्ये

जोडणी
पिन २: जीएसएमच्या टीएक्सकडून येते
पिन ३: जीएसएमच्या आरएक्सकडे जाते, मध्ये १०के आणि २०के चा डिव्हायडर
पिन ७: रिले १, चालू
पिन ८: रिले २, बंद
पिन ए०: लाइट आहे का ते बघण्यासाठी

वीज
आर्डुइनो: ५ व्होल्ट, ॲडॉप्टरवरून
जीएसएम: ४ व्होल्ट, वेगळ्या कन्व्हर्टरवरून
ग्राउंड: सगळ्यांचा एकत्र

सावधान
जीएसएमला थेट ५ व्होल्ट देऊ नका, जळेल.
स्टार्टरच्या आत हात घालू नका. वायरमनला बोलवा.

का
डिव्हायडर का: आर्डुइनो ५ व्होल्टचा सिग्नल देतो, जीएसएमच्या पिनला तो जास्त होतो.
वेगळा कन्व्हर्टर का: टॉवरशी बोलताना जीएसएम क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो.
रिले २ बंद बटणाच्या सिरीजमध्ये का: रिलेवाला डबा मेला तरी हिरव्या-लाल बटणांनी मोटर हाताने चालवता आली पाहिजे.

सगळी फाइल मिळून जेमतेम काही केबी. आता यामागचे नियम सांगतो.

१. एका ओळीत एकच गोष्ट. 'पिन ७: रिले १' एवढंच. परिच्छेदात गुंफू नका. उद्या पिन ७ ची पिन ९ झाली तर एकच ओळ बदलेल. गिट वापरत असाल तर कोणत्या तारखेला नेमकी कोणती ओळ बदलली ते लगेच दिसतं. वर्ड फाइलच्या बाबतीत गिट फक्त 'काहीतरी बदललं' एवढंच सांगू शकतो.

२. 'का' लिहा. काय जोडलंय ते वायर बघून कदाचित कळेल. का जोडलंय ते फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि सहा वर्षांनी तुम्हालाही माहीत नसतं.

३. स्पेस मारून कोष्टक जुळवू नका, विशेषतः मराठीत. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असेल असा फॉन्ट घेतला की स्तंभ जुळतात. देवनागरीत ते होत नाही. 'क्षि' दिसायला एक अक्षर आहे, पण फाइलमध्ये ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यामुळे एका फोनवर जुळवलेलं कोष्टक दुसऱ्या फोनवर विस्कटतं. त्यापेक्षा वर केलंय तसं नाव, अपूर्णविराम, माहिती अशी ओळ लिहा. ती कुठेही मोडली तरी अर्थ मोडत नाही.

४. अंक कोणते वापरायचे ते एकदाच ठरवा. आपले देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांचे आकडे युनिकोडमध्ये वेगवेगळे आहेत. एका प्रकारात लिहून दुसऱ्यात शोधलं तर बऱ्याच एडिटरांत काहीच सापडत नाही. आणि आर्डुइनोच्या कोडमध्ये तर देवनागरी अंक चालतच नाहीत. वाचायला सोपं जावं म्हणून मी इथे सगळं देवनागरीत दिलंय, पण माझ्या फाइलमध्ये पिनचे आकडे आणि चिपांची नावं बोर्डवर जशी छापलीत तशीच, इंग्रजीत आहेत. तुम्हीही तसंच करा. वर्णन मात्र बिनधास्त मराठीत लिहा. मामांच्या घरी ती फाइल उघडणारा माणूस मीच असेन असं नाही.

५. एककं शब्दांत लिहा. ग्रीक चिन्हं टाळा. 'मायक्रो' असं सरळ लिहिलं की वरचा हजारपट घोटाळा होणारच नाही.

६. रंगावर विसंबू नका. 'लाल वायर' असं लिहा, पण सोबत 'पिन ७ कडून येणारी' हेही लिहा. दुरुस्ती करणारा घरात सापडेल त्या रंगाची वायर लावतो. मीही तेच केलंय.

७. मेसेजमध्ये पेस्ट करू नका, फाइल म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपमध्ये दोन स्टार चिन्हांमधला मजकूर ठळक होतो आणि स्टार दिसेनासे होतात. कोड किंवा मेसेजचा कमांड असा पाठवला तर समोरच्याला तो अर्धवटच दिसतो. फोनचा कीबोर्डही आपल्या मनाने स्पेलिंग सुधारतो. डॉक्युमेंट म्हणून टीएक्सटी फाइल पाठवली की एक अक्षर हलत नाही. फोटोसुद्धा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दाबला जात नाही.

सगळंच टेक्स्टमध्ये होतं का?

नाही, आणि तसा हट्टही नको. चिपची मापं, तापमानाबरोबर बदलणारे आलेख, मोठ्या बोर्डचं सर्किट ही चित्रातच नीट कळतात. तिथे डेटाशीटची पीडीएफ उत्तमच. फक्त ती लिंक म्हणून न ठेवता उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. डब्याचा फोटोही ठेवा, पण फोटोत काय दिसतंय ते फाइलमध्ये दोन ओळींत लिहा. कारण फोटोत शब्द शोधता येत नाही.

सर्किटच्या चित्राचंही एक सांगतो. कीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं सर्किट टेक्स्ट फाइल म्हणूनच साठवलं जातं. ते माणसाने वाचण्यासारखं नसतं, पण टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतं आणि त्यात पार्टचं नाव शोधता येतं. उद्या कीकॅड नसलं तरी आतली माहिती कुलपात अडकत नाही. माझं सर्किट तेव्हा अशा फाइलमध्ये असतं तर साइट बंद पडल्याचं काहीच वाटलं नसतं.

शेवटी

त्या शनिवारी रात्री सव्वादहाला लाइट आली. मामांनी ओट्यावर बसून कॉल लावला आणि लांब विहिरीकडून मोटरचा आवाज आला. मामी म्हणाल्या, "चला, आता जेवा तरी." मी जेवणाआधी ती फाइल मामांच्या फोनवर पाठवली, मामेबहिणीच्या फोनवर पाठवली, माझ्या मेलवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सिन्नरला जाऊन एक प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. साध्या टेक्स्टची प्रिंट कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे निघते, हाही एक फायदाच. वायरींना या वेळी पाइप घातलाय. उंदरांना वाचता येत नाही ना!

या वर्षी पावसाळ्यात रिले खराब झाला. मला फोनही आला नाही. मामेबहिणीने झाकणावरचा कागद वाचून वायरमनला सांगितलं आणि त्याने बदलून दिला. मला कळलं ते आठ दिवसांनी, तेही तिने फाइलमध्ये एक ओळ घालून ती परत पाठवली तेव्हा. 'आवृत्ती: ४. रिले १ बदलला.'

तर मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू नक्की असेल. इन्व्हर्टरची जोडणी, राउटरचं सेटिंग, टाकीचा सेन्सर, कॉलेजचा प्रोजेक्ट. सगळं एका दिवसात लिहायचं म्हटलं तर होणार नाही. आज एकच वस्तू घ्या, फोनवरच एक टीएक्सटी फाइल उघडा आणि दहा ओळी लिहा: काय आहे, कुठे काय जोडलंय, काय करायचं नाही, आणि का. मग ती फाइल घरातल्या आणखी एका माणसाला पाठवा.